बाळ गंगाधर टिळक यांचे न्यायालयीन जीवन

बाळ गंगाधर टिळक (२३ जुलै १८५६ – १ ऑगस्ट १९२०) हे भारतीय स्वातंत्र्यचळवळीतील अग्रणी नेते, संपादक व ग्रंथकार होते. ते कायद्याचे पदवीधर होते. वकिली मात्र त्यांनी केली नाही. तरीही सरकार आणि सरकारी अधिकारी यांच्याशी त्यांचा न्यायालयीन झगडा जवळजवळ आयुष्यभर चालला. १९१६ सालचा अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील भाषणांवरील खटला हा त्यातील कायद्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा विजय मानावा लागेल.

आरंभीचे खटले

कोल्हापूर संस्थानचे कारभारी बर्वे यांच्या अब्रुनुकसानीबद्दल १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. पुढे क्रॉफर्ड प्रकरण उद्भवले. क्रॉफर्ड हे मध्य विभागाचे आयुक्त होते व अहमदनगर जिल्हा याच विभागात मोडत असे. त्यांच्याविरुद्ध लाच दिल्याची साक्ष देणाऱ्या मामलेदारांना सरकारने अभय दिले होते. ते पाळले जाणार नाही असे दिसू लागताच टिळकांनी मामलेदारांची बाजू उचलून धरली.

राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना १८९७ मध्ये दीड वर्षाची व १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. पहिल्या खटल्यात त्यांच्या जामिनासाठी यशस्वी युक्तिवाद करणारे दावर हेच दुसऱ्या खटल्यात न्यायाधीश होते.

अहमदनगरची भाषणे

मंडालेहून १९१४ मध्ये सुटल्यावर टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली. तिच्या प्रचारार्थ त्यांनी १ मे १९१६ रोजी बेळगावास आणि ३१ मे व १ जून रोजी अहमदनगरास मराठीत भाषणे केली. परकेपणा धर्मावर किंवा वर्णावर नव्हे, तर हितसंबंधांवर ठरतो, असे प्रतिपादन करताना त्यांनी निजामशाहीच्या या जुन्या राजधानीत तेथील मुसलमान राजवटीचाच दाखला दिला. बादशहा कायम ठेवून कारभार करणारी नोकरशाही बदलावी, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता.

त्यांच्या साठाव्या वाढदिवसाच्या समारंभातच त्यांच्यावर नोटीस बजावण्यात आली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०८ खाली पुण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी त्यांच्याकडून वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी २०,००० रुपयांचा जातमुचलका व प्रत्येकी १०,००० रुपयांचे दोन जामीन मागितले. मुचलका कायम राहता तर स्वराज्याचा प्रचार वर्षभर तरी थंडावला असता.

मुंबई उच्च न्यायालयात बॅरिस्टर जिना यांनी टिळकांची बाजू मांडली. सरकारी नोकरांवरील टीका म्हणजे सरकारवरील टीका नव्हे, हा बचाव न्यायमूर्ती बॅचलर यांनी जसाच्या तसा मान्य केला नाही. सरकार माणसांकरवीच चालते, असे त्यांचे मत होते. मात्र नोकरशाहीवरील टीकेने सरकारविषयी अप्रीती उत्पन्न होते की नाही हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, आणि त्यासाठी सुटी वाक्ये न वेचता संपूर्ण भाषण पाहिले पाहिजे, असे त्यांनी ठरविले. काही वाक्ये आक्षेपार्ह असली तरी भाषणांचा एकूण परिणाम राजद्रोहाचा नाही, असा निष्कर्ष निघाला. न्यायमूर्ती शहा यांनीही सहमती दर्शविली व ९ नोव्हेंबर १९१६ रोजी दंडाधिकाऱ्यांचा आदेश रद्द झाला.

चिरोल दावा

लेखक व्हॅलेंटाईन चिरोल यांच्यावर टिळकांनी लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला. प्रतिवादी खाजगी व्यक्ती असली तरी तिला भारत सरकारने कागदपत्रे व एक अधिकारी पुरविला होता. फेब्रुवारी १९१९ मध्ये निकाल विरुद्ध गेला. खर्चाचा प्रचंड बोजा अंगावर आला व तो फेडण्यासाठी महाराष्ट्रात वर्गणी गोळा करण्यात आली. पुढच्याच वर्षी मुंबईत टिळकांचे निधन झाले.