कर्णधार न झालेले बाळू पालवणकर

भारताचा संघ जाहीर झाला की आपल्या कॉलेजात दोन तट पडतात. एक म्हणतो, निवड समितीला डोळे नाहीत. दुसरा म्हणतो, आहेत, पण ते फॉर्मकडे नसून नावाकडे असतात. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर रबरी चेंडूने खेळणारा शाळकरी पोरसुद्धा अमक्याला का घेतले आणि तमक्याला का वगळले यावर दहा मिनिटे बोलू शकतो. मीही बोलतो, आणि जरा मोठ्यानेच बोलतो. मात्र या वादात हटकून एक नाव राहून जाते. ते नाव उच्चारल्याशिवाय संघनिवडीचा वाद पुरा होऊच शकत नाही, असे माझे मत आहे. ते नाव म्हणजे बाळू पालवणकर.

आपल्याला हे नाव जवळचे वाटायला आणखी एक कारण आहे. बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडचा. म्हणजे इथून जेमतेम दोन तासांच्या वाटेवरचा. घराणे मूळ कोकणातले, पालवणचे, म्हणून पालवणकर. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजातले. वडील लष्करात होते, म्हणून बिऱ्हाड पुण्याला गेले. तेथे गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले.

पुढे पोटासाठी बाळूंनी नोकरी धरली तीही मैदानावरचीच. आधी पुण्यात पारशांच्या क्लबात महिना ३ रुपयांवर खेळपट्टी झाडणे आणि रूळ फिरवणे हे काम. मग १८९२ च्या सुमारास युरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपये. खेळपट्टी तयार करायची, जाळे बांधायचे, हद्दीच्या रेषा आखायच्या, आणि साहेब सरावाला आले की त्यांना गोलंदाजी टाकायची. डाव्या हाताने, संथ, पण चेंडू दोन्ही बाजूंना वळवणारी. कॅप्टन जे. जी. ग्रेग म्हणून एक नावाजलेला फलंदाज तेथे होता. नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला लोक जंगली ग्रेग म्हणत. हा ग्रेग इतरांच्या आधी मैदानावर येई आणि तासन् तास बाळूंना खेळे. बाळूंनी त्याला बाद केले की तो दर वेळी ८ आणे देई, असे सांगतात. मी कॉमर्सचा विद्यार्थी असल्यामुळे हिशेब केल्यावाचून राहवले नाही. ४ रुपयांचे ६४ आणे. म्हणजे ग्रेगला आठ वेळा बाद केले की एका महिन्याचा पगार सुटला! मात्र साहेबांनी बाळूंच्या हाती चेंडू दिला तरी बॅट कधी दिली नाही.

पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबाला पूना क्लबच्या गोऱ्यांना हरवायचे होते, आणि त्या गोऱ्यांना रोज चकवणारा गोलंदाज गावातच होता. मग अडचण कसली? अडचण जातीची. क्लबातले काही सभासद अनुकूल होते, काही सनातनी मंडळी विरुद्ध होती. शेवटी जिंकण्याची हौस मोठी ठरली आणि बाळू संघात आले. पण कसे आले ते पाहा. मैदानात सर्वांनी तोच चेंडू हाताळायचा. चहाची वेळ झाली की सवर्ण खेळाडू आत पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून चहा घेणार, आणि ज्याने निम्मा संघ गारद केला तो बाहेर, एकदा वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यातून. जेवणाचे पानही वेगळे. आमच्या फॉर्मच्या गप्पांमध्ये फलंदाजाचा पाय कसा हलत नाही याची फार चर्चा होते. दिवसभर हा अपमान गिळून पुन्हा टप्प्यावर चेंडू टाकायला कोणता फॉर्म लागत असेल, हे मला सांगता येणार नाही.

साताऱ्याला तिथल्या युरोपियन जिमखान्याविरुद्ध बाळूंनी एका सामन्यात ७ बळी घेतले, तेव्हा त्यांची हत्तीवरून मिरवणूक निघाली. पुण्यात परतल्यावर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी जाहीर सत्कारात त्यांच्या गळ्यात हार घातला आणि इतर खेळाडूंना सुनावले की, ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला कसली हरकत? रानड्यांसारखी माणसे त्या काळी होती, हेही नमूद केले पाहिजे.

एकोणिसावे शतक संपता संपता बाळू मुंबईला गेले. तिथे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची नोकरी मिळाली. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांना घ्यावे की नाही यावर पुन्हा तोच वाद झाला आणि पुन्हा घेण्याचाच निर्णय झाला, कारण तसा गोलंदाज दुसरा नव्हताच. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू विरुद्ध युरोपियन हा मोठा सामना मुंबईत झाला. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. बेरीज-वजाबाकी करून पाहा, हिंदू १०९ धावांनी जिंकले. शिवरामही या संघात होते. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवले म्हणून देशभर आनंद झालाच, पण ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या सुधारकी पत्राला त्याहून मोठी वाटलेली गोष्ट म्हणजे जात बाजूला सारून या भावांना संघात घेतले गेले ही.

आता १९११. अखिल भारतीय म्हणून इंग्लंडला गेलेला हा पहिला संघ. त्याआधी १८८६ आणि १८८८ मध्ये गेले ते पारशांचे संघ होते. या संघातली ‘निवड’ समजून घेण्यासारखी आहे. अमुक पारशी, अमुक हिंदू, अमुक मुसलमान अशी वाटणी झाली. हिंदूंच्या वाट्याच्या जागांमध्ये बाळू आणि शिवराम होते, आणि बंगळूरचे बी. जयरामही होते. आपल्या कन्नड विभागातल्या मित्रांनी या जयरामांवर एखाद्या अंकात जरूर लिहावे. कर्णधार कोण, तर पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. वय १९! तेव्हा बाळू होते ३५ वर्षांचे. महाराजांची बॅट वाईट नव्हती, पण पंचम जॉर्जचा राज्याभिषेक त्याच उन्हाळ्यात होता, आणि महाराजांचा बराच वेळ मेजवान्या आणि भेटीगाठी यांतच गेला. संघातला बहुधा सर्वांत चांगला फलंदाज, के. एम. मिस्त्री, हा महाराजांच्या पदरी असल्यामुळे तोही बहुतेक सामन्यांना मुकला. संघाने प्रथम दर्जाचे १४ सामने खेळले. त्यांतले २ जिंकले, १० हरले, २ अनिर्णित राहिले.

अशा संघात बाळूंनी पूर्ण दौऱ्यात ११४ बळी घेतले, त्यांतले ७५ प्रथम दर्जाच्या सामन्यांत. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८. लीस्टरशरविरुद्ध सामन्यात ११, आणि तो सामना आपण जिंकला. दुसरा विजय सॉमरसेटवर, अवघ्या एका गड्याने. त्यात शिवराम यांनी शतक ठोकले. थोडक्यात, दौऱ्यातले जे दोन विजय जमेच्या बाजूला लिहिता येतात, त्या दोन्हींवर पालवणकर भावांची सही आहे. कर्णधार मेजवानीत आणि संघाचा भार मैदानावरच्या माजी नोकरावर, अशी ही आपली पहिली राष्ट्रीय कामगिरी. राजेरजवाड्यांना कर्णधार करण्याचे हे खूळ पुढेही टिकले. १९३६ चा विजयनगरमच्या महाराजकुमारांचा दौरा आणि त्यात लाला अमरनाथांना मध्येच मायदेशी धाडणे हे सर्वांना ठाऊक आहे. तो विषय निराळा. असो.

इंग्लंडहून आल्यावर बाळू हे नाव देशभर झाले. मग हिंदू संघाचे कर्णधारपद? १९१२ पासून मुसलमानांचा संघ आला आणि स्पर्धा चौरंगी झाली. दर साली बाळू संघात असत, दर साली सर्वांत भरवशाचे गोलंदाज ठरत, आणि दर साली कर्णधार दुसराच कोणी असे. याला चिडून बोलणाऱ्यांत खुद्द कर्णधारही होते. १९१३ साली एम. डी. पै यांनी आपल्याच सत्कारात सांगून टाकले की हा मान वडीलकीने आणि अनुभवाने बाळूंचा होता. त्या दिलदारपणाबद्दल पैंचे कौतुक केले पाहिजे. पण निवड समितीच्या कानावरची माशी काही हलली नाही.

१९२० साली तर कमाल झाली. पै आजारी पडले, तेव्हा मुसलमानांविरुद्धच्या सामन्यासाठी समितीने बाळूंना संघातूनच वगळले आणि कर्णधारपद पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधरांना दिले. यावर शिवराम आणि विठ्ठल या धाकट्या पालवणकरांनी निषेधाचे पत्रक काढून संघातून अंग काढून घेतले.

इथे क्रिकेटप्रेमी म्हणून मला प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. बाळू तेव्हा ४४ वर्षांचे होते. ४४ व्या वर्षी गोलंदाजाला वगळले, तर त्यात अन्याय झालाच असे नुसत्या वयावरून म्हणता येत नाही. आज एखाद्या समितीने तसे केले तर मी तिच्याच बाजूने बोलेन. देवधरांच्या योग्यतेबद्दलही शंका नको. पुढे त्यांनी महाराष्ट्राच्या क्रिकेटसाठी केले ते सर्वज्ञात आहे आणि त्यांच्या नावाने करंडकही सुरू झाला. मुद्दा वेगळा आहे. बाळू म्हातारे झाले म्हणावे, तर विठ्ठल तेव्हा ऐन उमेदीत होते आणि हिंदूंचे आघाडीचे फलंदाज होते. त्यांना का नाही? थोरल्याच्या बाबतीत वय आड आले म्हणाल, तर धाकट्याच्या बाबतीत काय आड आले? या प्रश्नाला फॉर्मच्या भाषेत उत्तर नाही. समितीचा न्याय असा दिसतो : बळी घ्यायला बाळू चालतात, धावा करायला विठ्ठल चालतात, पण त्यांचा हुकूम सवर्णांनी मानावा हे चालत नाही. निवडीचे असे दोन हिशेब असतात, एक अकरा जणांचा आणि दुसरा एकट्याचा. पहिला आकड्यांवर होतो. दुसऱ्यात पूर्वी काय काय धरले जाई, ते पालवणकरांच्या हकिकतीवरून कळते.

लोकमताने मात्र काम केले. अंतिम सामन्यासाठी पै परत आले, बाळूंना पुन्हा संघात घेतले गेले आणि उपकर्णधारही केले गेले. सामन्यात पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले, आणि तेवढ्या वेळापुरते क्षेत्ररक्षण लावण्याचा अधिकार बाळूंकडे आला. पंधरा वर्षे वाट पाहिल्यावर मिळाला तो एवढाच. तो बाळूंचा शेवटचा मोठा सामना ठरला. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१. आमच्या भाषेत सांगायचे तर एका बळीचा उत्पादनखर्च पंधरा धावा. त्या वेळच्या खेळपट्ट्या गोलंदाजांना धार्जिण्या होत्या हे धरले तरी हा भाव फार स्वस्त आहे. शिवाय यातले बहुतेक सामने तिशी ओलांडल्यावरचे. त्याआधीची पूना क्लबातली गोलंदाजी कोणत्याच वहीत नोंदलेली नाही.

१९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कर्णधार झाले आणि त्या साली हिंदूंनी स्पर्धा जिंकली. विठ्ठलांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. ते आपल्या ग्रंथालयात असावे असे मला फार वाटते. अलीकडे ‘लगान’ मधला कचरा पाहून किंवा रामचंद्र गुहांचे २००२ चे पुस्तक वाचून बाळूंचे नाव पुन्हा लोकांच्या तोंडी आले आहे.

क्रिकेट सुटल्यावर बाळू राजकारणात आले. डॉ. आंबेडकरांना तरुणपणी बाळूंचा मोठा अभिमान होता. सिडनहॅम कॉलेज ऑफ कॉमर्समध्ये प्राध्यापक असल्यापासून ते बाळूंच्या गौरवासाठी झटत. पण विचार जुळले नाहीत. बाळूंचा ओढा गांधीजी आणि काँग्रेस यांच्याकडे होता. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे, आणि १९३७ साली मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट आंबेडकरांविरुद्ध उभे केले. मते पडली आंबेडकरांना १३,२४५, बाळूंना ११,२२५. दोन हजारांचा फरक. ज्या पक्षाने त्यांना उभे केले त्याने ही ‘निवड’ तरी कशाच्या जोरावर केली होती, हा प्रश्न मला सतावतो. आंबेडकरांसमोर उभा करायला दलित समाजातलेच मोठे नाव हवे होते, आणि ते नाव क्रिकेटच्या मैदानावरून उचलले गेले. बाळूंना ते कळत नसेल असे नाही. त्यांच्या निष्ठा त्यांच्या होत्या, आणि त्यांबद्दल आज इतक्या लांबून निकाल देण्याचा मला अधिकार नाही.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्याच साली, काही महिने आधी, भारताचा कसोटी संघ पहिल्यांदा पाकिस्तानच्या दौऱ्यावर गेला होता. पाचही सामने अनिर्णित राहिले. त्या संघाचा कर्णधार डाव्या हाताने संथ फिरकी टाकणारा होता, विनू मंकड.