मार्सेलिसच्या धक्क्यावरची काही मिनिटे

आमच्या त्र्यंबकेश्वरात पाहुणे आले, की कुशावर्त आणि ब्रह्मगिरी दाखवून झाल्यावर मी त्यांना हमखास सांगतो, की येसूवहिनी सावरकरांचे माहेर याच गावचे. मग गप्पा त्यांच्या धाकट्या दिराकडे, विनायकरावांकडे वळतात आणि मार्सेलिसच्या उडीपाशी थांबतात. उडी सर्वांना ठाऊक असते. पुढे ते हाती कसे लागले, हे फारसे कुणी विचारत नाही.

नाशिकजवळच्या भगूरला १८८३ मध्ये जन्म, १८९९ मध्ये प्लेगने वडिलांचे छत्र हरपले, १९०६ मध्ये बॅरिस्टरीसाठी लंडन. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पिस्तुले लंडनहून सावरकरांनी धाडल्याचा आरोप झाला. मार्च १९१० मध्ये त्यांना लंडनला अटक झाली आणि मोरिया बोटीने हिंदुस्थानकडे रवानगी.

८ जुलैला मार्सेलिस बंदरात शौचकूपाच्या झरोक्यातून त्यांनी समुद्रात उडी घेतली आणि पोहत धक्का गाठला. फ्रान्सच्या भूमीवर ब्रिटिश पोलिसांची सत्ता चालत नव्हती. राजकीय आरोपी म्हणून आश्रय मागता आला असता. पण बोटीवरची माणसे मागे धावली. फ्रेंच जमादाराने त्यांना धरले. हा कोण, हे त्याला ठाऊकही नव्हते. त्याने त्यांना बोटीवर परत नेऊन दिले. ना कोर्ट, ना कागद.

प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले. लंडनच्या पोलीस कमिशनरांनी फ्रेंच पोलिसांना बोटीविषयी आधीच कळवले होते, हे तिथे महत्त्वाचे ठरले. २४ फेब्रुवारी १९११ चा निकाल असा, की हस्तांतर नियमबाह्य होते, पण कैदी परत देण्याचे बंधन ब्रिटनवर नाही. तोवर दोन जन्मठेपा, म्हणजे ५० वर्षे, सुनावल्या गेल्या होत्या. अंदमान १९२१ पर्यंत, रत्नागिरीची स्थानबद्धता १९३७ पर्यंत. निधन १९६६ मध्ये. पती बाबाराव आणि दीर अंदमानात असतानाच, १९१९ मध्ये येसूवहिनी गेल्या.

मुंबईच्या १९९३ च्या स्फोटांतला अबू सालेम २००२ मध्ये लिस्बनला सापडला, पण हाती यायला २००५ चा नोव्हेंबर उजाडला. फाशी देणार नाही, अशी हमीही भारताला द्यावी लागली. तेव्हा मी चिडलो होतो. गुन्हेगाराचे एवढे लाड कशाला? दोघांची तुलना मनातही नाही. पण मार्सेलिस आठवले आणि राग निवला. पोलिसांनी पोलिसांना मदत करावीच. आज इंटरपोल तेच करते, आणि राजकीय प्रकरणांत पडायला तिची घटनाच मनाई करते. माणूस ताब्यात देण्याआधी मात्र कोर्टाने विचारले पाहिजे, की हा कोण आणि याचा गुन्हा काय. मार्सेलिसच्या धक्क्यावर ते कुणीच विचारले नाही.