पंडिता रमाबाई : आघातांतून टिकलेली श्रद्धा

आपल्या चित्पावन ज्ञातीत जन्मास आलेल्या कर्त्या स्त्रीपुरुषांची चरित्रे वार्षिक स्मरणिकेतून सादर करण्याची प्रथा जुनी आहे. राजकारणी, न्यायाधीश, गणिती, नाटककार व समाजसुधारक अशा अनेकांना या मालिकेत मानाचे स्थान लाभले. परंतु एक नाव उच्चारताना आपली जीभ अजूनही किंचित अडखळते. ते नाव पंडिता रमाबाईंचे. संस्कृत विद्येच्या बळावर कलकत्त्याच्या पंडितसभा जिंकणाऱ्या रमाबाई आपल्या, असे आपण सांगतो. ख्रिस्ती झालेल्या रमाबाई मात्र परक्या, असे मनात धरतो. एका आयुष्याचे असे दोन भाग पाडणे न्यायाचे नाही. म्हणून या लेखात आम्ही त्यांच्या श्रद्धेचाच वृत्तान्त सांगण्याचे योजिले आहे. त्यांचे धर्मान्तर योग्य की अयोग्य, याचा निवाडा करण्याचा आमचा हेतू नाही. आघातामागून आघात सोसूनही एका स्त्रीने आपली श्रद्धा कशी जतन केली, एवढेच वाचकांपुढे ठेवावयाचे आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील सह्याद्रीच्या गंगामूळ अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे व्युत्पन्न पंडित. स्त्रियांना संस्कृत शिकविणे त्या काळी पाप मानले जाई. पण शास्त्रीबुवांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला शिकविण्याचा निश्चय केला आणि त्यासाठी लोकांचा विरोध सोसून अरण्यात आश्रम थाटला. दानधर्मात व अतिथिसेवेत त्यांची संपत्ती सरली, तेव्हा हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. रमाबाई त्या वेळी अवघ्या काही महिन्यांच्या होत्या; वेताच्या पेटीत निजवून त्यांना डोंगराखाली आणण्यात आले. पुढील अनेक वर्षे देवळे, धर्मशाळा व नदीचे घाट हेच या मंडळींचे घर. शास्त्रीबुवा पुराण सांगत आणि श्रोते जे देतील त्यावर निर्वाह चाले. पहाटे उठून लक्ष्मीबाई मुलीला संस्कृत पाठ देत. मुलीने भागवत कंठस्थ केले ते असे, आईच्या मुखातून.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत अन्नाची टंचाई भासू लागली. या कुटुंबाने त्या वेळी जे केले ते कोणत्याही भाविक घराने केले असते. होते नव्हते ते विकून त्यांनी देवाब्राह्मणांस दक्षिणा दिली, अनुष्ठाने मांडली, उपवास केले. पैसा संपला, मग भांडी गेली, मग वस्त्रे गेली. देव मात्र प्रसन्न झाला नाही. पंडिताच्या घराने मजुरी करावी कशी आणि भीक मागावी तरी कशी, हा प्रश्न होता. अखेरीस झाडपाला खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. दृष्टी गमावलेल्या वृद्ध अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचे ठरविले आणि मुलांचा निरोपही घेतला. धाकट्या मुलीला जवळ घेऊन त्यांनी बजावले की, तुला मी ईश्वराच्या हाती सोपविले आहे, त्याचीच सेवा कर. थोरला मुलगा श्रीनिवास याने पडेल ते काम करण्याची तयारी दाखवून त्यांना आत्मघातापासून परावृत्त केले. परंतु उपासाने खंगलेल्या देहात त्राण उरले नव्हते. वडील गेले, त्यांच्या मागोमाग आई गेली, आणि काही महिन्यांनी बहीण कृष्णाबाई गेली. आईची तिरडी उचलण्यास पुरेशी माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे आले. चौथा खांदा सोळा वर्षांच्या रमाबाईंनी दिला. उंची कमी असल्यामुळे त्यांनी ते टोक डोक्यावर घेतले आणि स्मशानापर्यंतची दूरची वाट चालून काढली.

उरलेली दोघे भावंडे पायी हिंदुस्थानभर हिंडली. काश्मीरपासून बंगालपर्यंतच्या या भ्रमंतीत त्यांनी सुमारे दोन हजार कोसांची मजल मारली. झेलमच्या काठी थंडीच्या रात्री अंगावर घालावयास वस्त्र नव्हते, तेव्हा वाळूत खड्डे खणून, गळ्यापर्यंत वाळू ओढून ती निजली. व्रते, तीर्थे व देवदर्शने यांवरचा त्यांचा विश्वास याच काळात ढासळला. हे ध्यानात घेतले पाहिजे. कारण रमाबाई पाश्चात्त्यांच्या संगतीने बिघडल्या, असा समज आपल्याकडे फार दिवस प्रचलित होता. वस्तुतः मिशनऱ्यांची खरी ओळख होण्यापूर्वीच त्यांचे जुने दैवत त्यांच्यापुरते मौन झाले होते.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. सन्मानाचे दिवस आले न आले तोच १८८० साली ढाका येथे श्रीनिवास निवर्तला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर ब्राह्मण नव्हता, प्रांत निराळा, भाषा निराळी. आसामातील सिल्चर येथे त्यांचा संसार सुरू झाला. पतीच्या ग्रंथसंग्रहात लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांच्या हाती लागली व तिने त्यांचे मन ओढून घेतले. १८८१ च्या एप्रिलात कन्या मनोरमा जन्मली. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेला. चोविसाव्या वर्षाच्या आत आईवडील, बहीण, भाऊ व पती यांना मुकलेली ही विधवा तान्ह्या मुलीस घेऊन पुण्यास आली.

पुण्यात न्यायमूर्ती रानडे, भांडारकर प्रभृतींनी त्यांचे स्वागत केले. आर्य महिला समाज स्थापन झाला. हंटर कमिशनपुढे रमाबाईंनी स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका व स्त्री वैद्यांची निकड मांडली. वैद्यक शिकण्याच्या इच्छेने १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या; पण कानांनी नीट ऐकू येत नसल्यामुळे तो बेत सोडावा लागला. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या. लंडनमध्ये याच भगिनी पतित स्त्रियांसाठी एक आश्रय चालवीत. जिला समाजाने टाकले तिला धर्माने जवळ घ्यावे, ही गोष्ट रमाबाईंनी तेथे प्रथम डोळ्यांनी पाहिली. योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथाही त्यांच्या मनावर कोरली गेली. आपल्याच ज्ञातीतून ख्रिस्ती झालेले नीळकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोऱ्हे यांच्या लिखाणाने उरलेल्या शंका दूर केल्या. नेमक्या याच दिवसांत बरोबर आलेली मैत्रीण आनंदीबाई भगत हिने आत्महत्या केली. परक्या देशातील हा घाव त्यांनी एकटीने सोसला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला.

बाप्तिस्म्याबरोबर रमाबाईंनी आपली बुद्धी दुसऱ्याच्या स्वाधीन केली, असे कोणी समजू नये. गुरुस्थानी असलेल्या इंग्रज भगिनी व धर्मगुरू यांच्याशी त्यांनी पत्रांतून कडाक्याचे वाद घातले. ख्रिस्त मान्य, पण इंग्रजांच्या पंथाचा प्रत्येक नियम मान्य नाही, अशी त्यांची भूमिका होती. शाकाहार त्यांनी सोडला नाही, पोशाख एतद्देशीयच ठेवला. येथे हिंदू त्यांच्यावर रुष्ट, तेथे ख्रिस्ती त्यांच्याविषयी साशंक. त्यांची श्रद्धा त्यांना दोहोंपैकी कोणत्याही गोटात सुखाने राहू देणारी नव्हती.

१८८६ साली आपल्या नातलग डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास त्या अमेरिकेत गेल्या. पुढच्याच वर्षी आनंदीबाई पुण्यात कालवश झाल्या. त्याच १८८७ साली रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी ग्रंथ लिहिला व तो आपल्या आईच्या स्मृतीस अर्पण केला. बॉस्टन येथे त्यांच्या साहाय्यासाठी मंडळ उभे राहिले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले. पुढील वर्षी ते पुण्यास आले.

येथे आमच्या ज्ञातीने थोडे थांबून विचार करावा. शारदासदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. १८९३ साली तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. महर्षी कर्व्यांचे नाव आज आपण अभिमानाने घेतो. त्यांची सहधर्मचारिणी कोणाच्या छपराखाली शिकली, हे सांगावयाचे राहून जाते. सदनात मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. मात्र रमाबाई स्वतः प्रार्थनेस बसत तेव्हा त्यांच्या खोलीचे दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन तेथे जाऊन बसू लागल्या. यावरून पुण्यात काहूर उठले, केसरीने झोड उठविली. १८९३ साली रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी अंग काढून घेतले, पालकांनी मुली नेल्या. विरोधकांची तक्रार अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणत नाही. पालकांची भीती खरी होती. पण दार लावून घ्या, एवढी अट मान्य केली असती तर रमाबाईंना सर्व काही राखता आले असते. ती अट त्यांनी मानली नाही. आपल्या घरात आपल्या देवाची प्रार्थना चोरून करावयाची, हे त्यांच्या स्वभावात बसणारे नव्हते.

पुढे स्वतःच्या आत्मकथनात त्यांनी एक विलक्षण कबुली दिली आहे. बाप्तिस्मा घेतल्यावर आपणास ख्रिस्ती धर्म लाभला होता, पण ख्रिस्त लाभला नव्हता, असे त्यांना आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास जाणवले. धर्म बुद्धीने पटणे निराळे आणि त्यावर भार टाकून जगणे निराळे. शारदासदनाच्या वादळात त्या डळमळल्या नाहीत, याचे कारण या अनुभवात असावे, असे आम्हांस वाटते.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बावीस वर्षांपूर्वी आपल्या आईबापांना गिळणारा तोच शत्रू पुन्हा दारी आलेला पाहून रमाबाईंना घरी बसवेना. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व तरुण विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे त्यांना केडगाव येथील शेतजमिनीवर झोपड्यांत ठेवावे लागले. मुक्तिसदनाचा विस्तार झाला तो असा. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील आश्रितांची संख्या दीड हजारांच्या वर गेली. निराधारांसाठी मुक्तिसदन, पतितांसाठी कृपासदन, वृद्धांसाठी प्रीतिसदन, अंधांसाठी बार्तिमी सदन अशी घरे उभी राहिली. मुली शेती करीत, विणीत, तेलाचा घाणा चालवीत, छापखान्यात खिळे जुळवीत. मनोरमेने अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून अंध मुलींना वाचावयास लाविले. सरकारचीही भीड रमाबाईंनी धरली नाही. पुण्याच्या प्लेग इस्पितळात स्त्रियांची जी आबाळ झाली तिच्याविरुद्ध १८९७ साली त्यांनी वृत्तपत्रातून उघड आवाज उठविला.

आयुष्याच्या उत्तरार्धातील त्यांचे मोठे कार्य म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर असून खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीस ते उमगत नाही, असे त्यांना वाटे. म्हणून उतारवयात त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि मुळावरून साध्या मराठीत संपूर्ण बायबल उतरविण्यास बसल्या. जिला पंडितांनी सरस्वती म्हणून गौरविले तिने आपली सारी विद्वत्ता सोप्या शब्दांच्या शोधात खर्चिली. छपाईचे काम मुक्तिसदनातील स्त्रियांच्याच हातून होई.

हे काम पुरे होत आले असता शेवटचा घाव बसला. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. चाळीस वर्षांची ही कन्या आईची उजवा हात होती. गुलबर्गा येथे तिने शाळा चालविली होती आणि मुक्तिसदनाचा सारा भार पुढे तिनेच वाहावा, अशी योजना होती. लहानपणापासून एकेक माणूस गमावीत आलेल्या रमाबाईंचे रक्ताचे असे आता कोणीही उरले नाही. त्यांनी कामात खंड पडू दिला नाही. प्रकृती खालावली होती, कान जवळजवळ बंद झाले होते. तरी मुद्रिते तपासणे चालूच होते. ते काम संपेपर्यंत अवधी मिळावा, अशी त्यांनी प्रार्थना केली व तो मिळाला, अशी आठवण सांगितली जाते. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले.

सोळाव्या वर्षी ज्या भुकेने रमाबाईंचे माहेर उद्ध्वस्त केले, त्या भुकेच्या तावडीतून त्यांनी पुढे शेकडो मुली ओढून काढल्या. ज्या वैधव्याने त्यांना पोरके केले, त्या वैधव्यात पिचणाऱ्यांना त्यांनी घर दिले. श्रद्धेने त्यांचे एकही दुःख टाळले नाही. मात्र कोणतेही दुःख वाया जाऊ दिले नाही. अनंतशास्त्र्यांनी मुलीला ईश्वराच्या हाती सोपविले होते. ईश्वराचे नाव तिने निराळे घेतले, पण पित्याची आज्ञा मोडली असे आम्ही तरी म्हणणार नाही.

भारत सरकारने १९८९ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगावचे कार्य आजही चालू आहे. पुण्याहून दौंडकडे जाताना हे स्टेशन लागते. ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी मुलाबाळांसह एकदा तेथे अवश्य उतरावे. ज्या घराने आपल्या लेकीला दार लावून घेण्यास सांगितले, त्या घरच्या माणसांनी तिच्या उघड्या दारापाशी जाऊन क्षणभर उभे राहावे, एवढीच आमची विनंती आहे.