डॉ. आनंदीबाई जोशी आणि त्यांची रोझेलची मावशी

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे मंडळातील भगिनींनी सांगितले, तेव्हा माझ्या मनात डॉ. आनंदीबाई जोशी यांचेच नाव आले. परदेशी जाऊन वैद्यकाची पदवी मिळविणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांना शाळकरी मुलीही ओळखतात. परंतु परक्या देशात, परक्या धर्माच्या घरी त्या कशा राहिल्या, ही हकीकत मला त्यांच्या पदवीइतकीच मोलाची वाटते.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला; त्यांचे माहेर कल्याणचे. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत कल्याण आणि आपले डहाणू एकाच ठाणे जिल्ह्यात होते. तेव्हा त्यांना आपल्याकडचीच लेक म्हणण्यास हरकत नाही. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचे लग्न पोस्टखात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. बायकोने शिकलेच पाहिजे, हा गोपाळरावांचा हट्ट होता आणि तो पुष्कळदा कठोरही होई. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला व दहाच दिवसांत गेला. त्या दुःखातून डॉक्टर होण्याचा त्यांचा निश्चय झाला.

पत्नीच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहिले होते. ते तिकडच्या मासिकात छापून आले. सोबत ख्रिस्ती व्हावे, असा सल्लाही होता. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाई १८८० साली दातांच्या डॉक्टरकडे वाट पाहत बसल्या असताना तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी आपण होऊन पत्र लिहिले आणि दोन घरांमध्ये पत्रव्यवहार सुरू झाला. आपल्याकडची लग्ने, सण, खाणेपिणे यांविषयी आनंदीबाई लिहीत. तिकडची माहिती कार्पेंटरबाई देत. अजून दोघींची गाठही पडली नव्हती, आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या होत्या.

समुद्रपर्यटनास तेव्हा मोठा विरोध होता. फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी भरसभेत आपला हेतू सांगितला व आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे निक्षून सांगितले. ७ एप्रिल रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या. पती बरोबर नव्हते. वय अवघे अठरा. ४ जूनला न्यूयॉर्कच्या बंदरावर मावशी घ्यायला आल्या होत्या.

रोझेलच्या घरी आनंदीबाई शाकाहारी राहिल्या, कुंकू लावीत, साडीच नेसत. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहत. तिकडच्या थंडीत ते सोसण्यासारखे नव्हते, म्हणून त्या गुजराती पद्धतीने नेसू लागल्या. आपल्या डहाणूच्या बाजारात रोज दिसणारी ती नेसण! स्वत्व सोडायचे नाही, पण अडून बसायचेही नाही, हा त्यांचा विवेक मला यात दिसतो. कार्पेंटर मंडळी श्रद्धाळू ख्रिस्ती होती, तरी त्यांनी या मुलीवर आपला धर्म लादला नाही. मुलीनेही त्यांच्या धर्माला नावे ठेवली नाहीत.

त्या वर्षीच त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथे जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली या विद्यार्थिनीही शिकत होत्या. १८८५ सालचे तिघींचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. तिघी आपापल्या देशाच्या वेषात एका ओळीत बसल्या आहेत. पुढे गोपाळरावही अमेरिकेस गेले. त्यांनी व्याख्यानांतून तिथल्या समाजावर कडक टीका केली. देश तोच, पण पतिपत्नींची दृष्टी किती वेगळी! उणिवा आनंदीबाईंनाही दिसत असतील. पण ज्यांच्या घरचे अन्न खाल्ले, त्यांची माणुसकी त्यांनी आधी पाहिली.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. पंडिता रमाबाई त्या समारंभास मुद्दाम गेल्या होत्या. कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूकही ठरली. परंतु क्षयाने शरीर पोखरले होते. मायदेशी परतल्यावर थोड्याच महिन्यांत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. वय बावीसही पुरे नव्हते. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली. त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यातील पुकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. जातीची नाही, धर्माची नाही, अशा मुलीला त्या घराने आपल्या माणसांत जागा दिली.

भगिनींनो, आपल्याला परदेश लांब नाही. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेत चैत्री पौर्णिमेला वारली, गुजराती, मराठी अशी किती माणसे एकत्र येतात! मी देशावरून लग्न होऊन इकडे आले. वारली लग्नात चौक लिहिणाऱ्या सवासिनी आणि गाणी म्हणून लग्न लावणारी धवलेरी पाहून मी थक्क झाले. आमच्याकडे हा मान बाईला नव्हता. बाहेरून आलेल्या आम्हा बायकांना वाटते, आपण येथे शिकवायला आलो. आनंदीबाई मात्र शिकायला गेल्या, म्हणून त्यांना विद्येबरोबर मावशीही मिळाली. आपल्या मंडळात शेजारपाड्यांतील किती जणी येतात, याचा या वर्धापनदिनी आपण विचार करावा. त्यांना बोलवावेच, पण त्याआधी आपण त्यांच्या अंगणात जाऊन बसावे.