हकीम अजमल खान : फी, नुस्खा आणि दाईंचा वर्ग

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या मोहल्ल्यांत एकच चर्चा असते. मुलीला नर्सिंगला घालायचं की बीयूएमएसला? जीएनएम बरं की बीएस्सी? फी किती, हॉस्टेल कसं, नाईट ड्युटीचं काय? हे सगळं विचारलं पाहिजे, त्यात गैर काही नाही. पण हे काम नेमकं काय मागतं, हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं. म्हणून आज आम्ही एका अशा माणसाची हकीकत सांगणार आहोत, ज्याचं नाव आपण युनानी औषधांच्या निमित्ताने ऐकतो, काँग्रेसच्या इतिहासात वाचतो, आणि तिथेच सोडून देतो.

हकीम अजमल खान यांचा जन्म १८६८ चा, दिल्लीचा. घर बल्लीमारानमधलं शरीफ मंझिल. हा खानदानी हकिमांचा वाडा. मुघल दरबारापासून या घराण्यात तिब्ब चालत आलेली. अजमल खान लहानपणी हाफिज झाले, अरबी-फारसी शिकले, मग घरातच वडिलांकडून आणि थोरल्या भावांकडून हिकमत शिकले. १८९२ मध्ये रामपूरच्या नवाबांनी त्यांना आपले मुख्य हकीम नेमलं. तिथे त्यांनी दहाएक वर्षं काढली. रामपूरचा कुतुबखाना हस्तलिखितांसाठी मशहूर, तोही त्यांनी सांभाळला. दरबारी नोकरी, मान, पैसा, सगळं होतं. पुढे दोन्ही थोरले भाऊ वारले आणि दिल्लीतल्या मतबची व मदरसा तिब्बियाची जबाबदारी अंगावर आली.

आता फीची गोष्ट. त्यांचा रिवाज असा सांगतात की दिल्लीत, स्वतःच्या मतबमध्ये, कुणाकडून फी घ्यायची नाही. गरीब असो, श्रीमंत असो. पण कुणा राजा-नवाबाने दिल्लीबाहेर बोलावलं तर रोजचे एक हजार रुपये. त्या काळचे हजार रुपये म्हणजे काय, हे आजोबांना विचारा! काहींना हा आकडा खटकतो. आम्हाला त्यात हिशेब दिसतो. हकीम बाहेरगावी गेला की दिल्लीच्या मतबमध्ये ओळीने बसलेले रोगी तसेच राहतात. त्यांचा वेळ एका श्रीमंताला द्यायचा, तर त्याची किंमत त्या श्रीमंताने मोजावी. आणि ती कमाई कुठे जात होती, हेही पाहिलं पाहिजे.

ती जात होती संस्थांकडे. खानदानी हकिमांत एक जुना रोग होता, आजही पूर्ण गेलेला नाही. नुस्खा घराबाहेर जाऊ द्यायचा नाही. बापाने मुलाला सांगायचा, मुलाने नातवाला, आणि मध्ये कुणी बेऔलाद वारला तर नुस्खाही त्याच्याबरोबर कबरीत. अजमल खानांनी हिंदुस्तानी दवाखाना काढला. तिथे औषधं एका ठरलेल्या पद्धतीने, एका मापाने बनू लागली, आणि त्याचं उत्पन्न घरी न नेता तिब्बिया कॉलेजच्या कामाला लावलं. ज्या घराची शान गुपित नुस्ख्यांवर उभी होती, त्या घरातल्या माणसाने हे करणं सोपं नव्हतं.

आमच्या वाचक भगिनींसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट १९०९ ची. त्या साली त्यांनी बायकांसाठी तिब्बचा वेगळा मदरसा सुरू केला. त्यात दाईंचं शिक्षण होतं, बायकांच्या आजारांचं शिक्षण होतं. त्या काळी बाळंतपण म्हणजे घरातला अंधारा कोपरा, आणि दाई म्हणजे सासूकडून सुनेकडे आलेला धंदा. हात धुणं नाही, नाळ कापायला मिळेल ते हत्यार. बाई वारली, बाळ वारलं, की तकदीर म्हणून गप्प बसायचं. पडद्यामुळे मर्द हकीम आत जाऊ शकत नाही, आणि आत जी आहे तिला काही शिकवलेलं नाही. अजमल खानांनी पडद्याशी भांडण काढलं नाही. पडद्याच्या आत शिकलेली बाई पाठवायची, एवढं त्यांनी धरलं. आज कुणी अब्बा म्हणतात की नर्सिंग आपल्या मुलींचं काम नाही, तेव्हा आम्हाला हा मदरसा आठवतो. दिल्लीच्या सगळ्यात खानदानी हकिमाला हे काम कमी दर्जाचं वाटलं नव्हतं.

त्याच सुमारास मुंबईहून एक वादळ उठलं. डॉक्टरांची नोंदणी करायची आणि सरकारी मान्यता फक्त पाश्चात्त्य पद्धतीच्या डॉक्टरांना द्यायची, अशी हालचाल मुंबई इलाख्यात सुरू झाली. १९१२ मध्ये तसा कायदाही झाला. वैद्य आणि हकीम दोघेही बाहेर. अजमल खानांनी १९१० मध्येच वैद्य आणि हकिमांना एका मंचावर आणलं. पण नुसता निषेध करून ते थांबले नाहीत. आपल्या लोकांना त्यांनी आरसाही दाखवला. शरीररचना आपण विसरलो, शस्त्रक्रिया आपल्या हातून गेली, ती परत शिकली पाहिजे. जुन्या वळणाच्या हकिमांना हे आवडलं नाही. इंग्रजी विद्या मिसळली की तिब्ब नापाक होईल, असा त्यांचा सूर होता.

१९११ मध्ये ते युरोपला गेले, तिथली इस्पितळं पाहायला. लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये तरुण डॉक्टर मुख्तार अहमद अन्सारी काम करत होते. तिथला एक किस्सा त्यांच्या चरित्रांत येतो. मोठे सर्जन डॉ. बॉइड यांनी एका रोग्याला पित्ताशयाची सूज आहे असं निदान केलं होतं. हकीम साहेबांनी तपासून सांगितलं, हा आतड्याच्या सुरुवातीचा जुना व्रण आहे. दुसऱ्या दिवशी पोट उघडलं तेव्हा हकीम साहेबांचं खरं निघालं. आपल्याकडे हा किस्सा विजयाचा म्हणून सांगतात. आम्हाला त्यात बॉइडसाहेबही तितकेच मोठे वाटतात. परक्या देशाच्या, परक्या विद्येच्या माणसाला त्यांनी आपल्या रोग्याजवळ येऊ दिलं, आणि निदान चुकलं तेव्हा राग धरला नाही, उलट पाहुण्याचा मान केला. वॉर्डमध्ये सीनियरला चूक दिसली तरी ज्युनियर गप्प बसते, ही तक्रार आमच्या जुन्या विद्यार्थिनी आजही करतात.

परत आल्यावर कॉलेजच्या कामाला जोर आला. १९१६ मध्ये करोलबागेत पायाभरणी झाली ती व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांच्या हस्ते. १९२१ मध्ये उद्घाटन झालं ते गांधीजींच्या हस्ते. मधल्या पाच वर्षांत देश किती बदलला, हे यातच समजतं. कॉलेजात युनानी आणि आयुर्वेद शेजारी शेजारी शिकवले जात. सरकारने दिलेला हाजिक-उल-मुल्क हा किताब त्यांनी १९२० मध्ये परत केला. लोकांनी मग मसीह-उल-मुल्क म्हणायला सुरुवात केली. काँग्रेसचं अहमदाबाद अधिवेशन, खिलाफत, जामिया मिलियाचं पहिलं कुलपतीपद, हे सगळं शाळेच्या पुस्तकांतून मिळतं, म्हणून इथे लांबवत नाही. एवढंच सांगतो की १९२५ मध्ये जामिया अलीगढहून दिल्लीला आली, तेव्हा तिच्या खर्चाचा मोठा भार त्यांनी स्वतःच्या खिशातून उचलला.

तब्येत मात्र साथ देत नव्हती. हृदयाचा त्रास जुना होता. डिसेंबर १९२७ मध्ये रामपूरला त्यांचं निधन झालं. अल्लाह मगफिरत करो.

मरण्याआधी त्यांनी आणखी एक गोष्ट करून ठेवली होती. जर्मनीत रसायनशास्त्र शिकलेल्या सलीमुज्जमां सिद्दीकी यांना तिब्बिया कॉलेजात संशोधनासाठी बोलावलं होतं. युनानी औषधं खरोखर काम करतात का आणि कशी, हे प्रयोगशाळेत तपासायला. सिद्दीकींनी १९३१ मध्ये सर्पगंधेच्या मुळातून एक द्रव्य वेगळं काढलं आणि त्याला नाव दिलं अजमलीन. हृदयाच्या ठोक्यांची गडबड ओळखण्यासाठी डॉक्टर ते आजही वापरतात.