केडगावच्या रमाबाई

शिरूर-दौंड म्हटलं की आपल्याला आठवतात रांजणगाव आणि कुरकुंभ. इंडस्ट्रियल व्हिजिट, डोक्यावर हेल्मेट आणि कंपनीच्या कॅन्टीनचं जेवण! पण या दोन तालुक्यांची जुनी ओळख एमआयडीसी नाही, दुष्काळ आहे. मावळात धो धो पडणारा पाऊस इथवर येईपर्यंत संपलेला असतो. १८७५ साली सावकारांच्या वह्या जाळणारे शेतकऱ्यांचे दंगे सुप्याला सुरू झाले आणि शिरूर, भीमथडी भागात पसरले. ही भीमथडी म्हणजे आजच्या दौंडचा भाग. पुढच्याच वर्षी मोठा दुष्काळ आला. आज तिथला कालवा, ऊस आणि गुऱ्हाळं बघून हे खरंसुद्धा वाटत नाही.

याच दौंड तालुक्यात, पुणे-दौंड रेल्वेलाइनवर केडगाव आहे. तिथे १८९७ साली एका बाईने दुष्काळात सापडलेल्या मुलींसाठी घर उभं केलं. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई. (रमाबाई रानडे वेगळ्या आणि रमाबाई आंबेडकर वेगळ्या. घोळ नेहमी होतो म्हणून आधीच सांगितलं.)

मित्रांनो, रमाबाईंबद्दल शाळेत आपण एवढंच शिकतो की त्या संस्कृत पंडित होत्या आणि त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं. त्या स्वतः उपाशी राहिल्या होत्या, हे कुणी सांगत नाही. माझ्या मते त्यांची सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते.

त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. बायकांना संस्कृत शिकवू नये या रूढीला न जुमानता त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, शिकवलं आणि लोकांचा रोष ओढवून घेतला. पुढे आईने रमाला शिकवलं. कुटुंब तीर्थोतीर्थी फिरायचं, पुराण सांगायचं आणि मिळेल त्या दक्षिणेवर राहायचं. जवळचा पैसा देवधर्मात आणि दानात गेला. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. दागिने गेले, भांडी गेली, शेवटी काहीच उरलं नाही. घरात सगळ्यांना शास्त्र पाठ, पण पोट भरायचं दुसरं कुठलंच काम येत नव्हतं. हलकं काम करायला जातीचा अभिमान आड यायचा आणि भीक मागायची लाज. शेवटी जंगलात अकरा दिवस त्यांनी पाणी, झाडाचा पाला आणि थोडा रानमेवा यावर काढले. त्या काळात वडील गेले, मागोमाग आई गेली, पुढे थोरली बहीणही गेली. रमाबाई तेव्हा जेमतेम सोळा-सतरा वर्षांच्या होत्या.

राहिले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं अर्धा हिंदुस्थान पायी फिरले. झेलम नदीच्या काठी थंडीत पांघरायला नव्हतं म्हणून वाळूत खड्डा करून, अंगावर वाळू ओढून रात्र काढली. १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्यावर तिथल्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली आणि पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. वीस वर्षांच्या मुलीला! आपण त्या वयात केटी क्लिअर करत असतो.

पुढचं भराभर सांगते. भाऊ वारला. बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी आंतरजातीय लग्न केलं, मनोरमा झाली आणि १८८२ मध्ये नवरा पटकीने गेला. पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि तिथे ख्रिस्ती झाल्या. मग अमेरिका. विधवांच्या घरासाठी दहा वर्षं पैसे पुरवायला बोस्टनमध्ये एक मंडळ उभं राहिलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई या तिथल्याच सुरुवातीच्या विद्यार्थिनी. पण काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात असं कळल्यावर पुण्यात गदारोळ झाला. 'केसरी'ने झोड उठवली आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे पाठीराखेही सल्लागार मंडळातून बाहेर पडले.

आता केडगाव. अमेरिकेची मदत दहाच वर्षांची, मग पुढे काय? हा हिशोब रमाबाईंनी आधीच मांडला होता. केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेऊन त्यांनी विहिरी खणल्या आणि फळझाडं लावली. बागेच्या उत्पन्नावर संस्था चालावी असा बेत होता. बाग अजून लहान असतानाच १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या बातम्या ऐकून रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. मदत छावण्यांतली हाडं निघालेली पोरं त्यांनी पाहिली, आणि एकट्या मुलींवर नजर ठेवून फिरणारे दलालही. त्यांनी सुमारे ३०० मुली-बायका आणल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेग! शहरात इतकी माणसं ठेवायला सरकारची परवानगी नाही. मग सगळ्यांना केडगावला हलवलं, तात्पुरत्या आडोशांत ठेवलं, आणि तिथेच मुक्ती सदन उभं राहिलं. त्याच वर्षी सरकारी प्लेग इस्पितळात बायकांचे काय हाल होतात हेही त्यांनी वर्तमानपत्रातून जाहीरपणे मांडलं. गव्हर्नरसाहेबांना ते अजिबात आवडलं नाही.

१९०० मध्ये गुजरात-राजपुतान्यात छप्पनिया काळ पडला तेव्हा परत मुली आणल्या आणि संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. जरा विचार करा. आपल्या होस्टेलच्या मेसमध्ये ३०० जणांचं जेवण वेळेवर होत नाही. इथे कोरड्या माळावर दोन हजार ताटं, दिवसातून दोनदा, आणि पाणी फक्त विहिरींचं. शिवाय खूप दिवस उपाशी असलेल्याला एकदम पोटभर वाढलं तर तो दगावू शकतो, त्यामुळे जपून वाढायचं.

पण नुसतं जेवू घालून रमाबाई थांबल्या नाहीत. शेती, विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, गाई-म्हशी, बेकरी, छापखाना हे सगळं मुलींनीच चालवायचं. आंधळ्या मुलींना मनोरमाने ब्रेल शिकवलं. भागवत तोंडपाठ असून पाला खावा लागलेली बाईच हे असं डोकं चालवू शकते, असं मला वाटतं.

धर्माचा प्रश्न टाळून चालणार नाही. शारदा सदनात हिंदू मुलींना आपले आचार पाळायची सोय होती. मुक्ती मात्र उघडपणे ख्रिस्ती संस्था होती आणि तिथल्या पुष्कळ मुली ख्रिस्ती झाल्या. जिच्या हातून अन्न मिळतं तिला नाही म्हणायचं बळ उपाशी मुलीत कुठून येणार, ही शंका रास्त आहे आणि तिला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. मात्र त्या छावण्यांत जाऊन मुलींना हाताला धरून आणणारे फार थोडे होते, हेही तितकंच खरं. महाराष्ट्राने पहिली गोष्ट लक्षात ठेवली आणि दुसरी विसरून गेला.

शेवटची बरीच वर्षं रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. साध्या बायकांना कळेल अशी भाषा हवी हा हट्ट. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. रमाबाईंनी काम हातावेगळं केलं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या. मुक्ती मिशन आजही केडगावात आहे. ते बायबल तिथल्याच छापखान्यात छापलं गेलं आणि तो छापखाना चालवत होत्या मुक्तीतल्या बायका.