खाकानी शिरवानी

मुंबईच्या पारशी मंडळींत जमशेद, फरेदून, कैखुश्रू ही नावे आपण ऐकतो. हे प्राचीन इराणच्या कथांतील राजे होत. बाराव्या शतकातील फारसी दरबारी कवी धन्याची स्तुती करू लागला म्हणजे या राजांस त्याच्यापुढे नमवीत असे, आणि ज्याची सावली पडताच मनुष्य राजपदास चढतो तो हुमा पक्षी त्याच्या मस्तकावर फिरवीत असे. या कलेत अग्रगण्य ठरलेल्या खाकानीचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

खाकानी कास्पियन समुद्राच्या पश्चिमेकडील शिरवान प्रांतात जन्मला. हा मुलूख हल्ली अझरबैजान देशात मोडतो. बाप सुतार. आई मूळची नेस्टोरियन पंथाची ख्रिस्ती दासी. ती पुढे मुसलमान झाली. चुलता वैद्य व पंडित होता; त्यानेच मुलास विद्या दिली. नंतर अबुल अला या कवीने त्यास शिष्य केले, आपली कन्या दिली आणि शिरवानशहा मनूचेहर याच्या दरबारी नेले. राजाच्या ‘खाकान’ या पदवीवरून कवीने आपले नाव घेतले. पुढे गुरुशिष्यांचे इतके बिनसले की दोघांनी एकमेकांवर निंदाकाव्ये रचिली. एवढ्या विद्वानांस हे शोभले नाही, असे आम्हांस वाटते.

त्याच्या एका कसीद्यात पक्ष्यांची सभा भरते. फुलांत श्रेष्ठ कोणते, यावर वाद माजतो. अखेर सर्व पक्षी अनकाकडे जातात. अनका म्हणजेच सीमुर्ग. शहानाम्यात रुस्तुमाचा बाप झाल यास बालपणी पर्वतावर वाढविणारा तोच हा पक्षिराज. तो गुलाबाच्या बाजूने निवाडा देतो.

परंतु राजांपाशी असा निवाडा कवीस मिळाला नाही. ज्या शिरवानशहांस त्याने पुराणकाळच्या राजांच्या पंक्तीस बसविले, त्यांच्याच राज्यात त्याच्या पायांत बेड्या पडल्या. बंदिवासातील त्याच्या काव्यांत एक विलक्षण कसीदा आहे. त्यात येशू, मरीया व ख्रिस्ती आचारविचार यांचे उल्लेख इतके दाट आहेत की भल्या पंडितांसही टीकेवाचून अर्थ लागत नाही. आईच्या मूळ धर्माची ही ओळख त्यास कारागृहात उपयोगी पडली. कारण सुटकेसाठी रदबदली करण्याची विनंती त्यात एका ख्रिस्ती राजपुत्रास केली आहे.

मक्केच्या यात्रेनिमित्त बाहेर पडलेल्या या कवीने तैग्रीस नदीकाठचे मदाईन पाहिले. सासानी सम्राटांच्या दरबाराची तेथे एक प्रचंड कमान तेवढी उभी होती. खुश्रू परवेझची सोन्याची भाजी कोठे, तो स्वतः कोठे, असे विचारीत त्याने जे काव्य रचिले ते फारसी वाचकांस आजही पाठ असते. त्यात कोणाही धन्याची स्तुती नाही.

११७५ साली त्याचा वीस वर्षांचा पुत्र रशीद वारला. त्याच्यावरील विलापात सीमुर्ग नाही की जमशेद नाही असे नव्हे. पण वाचताना ध्यान बापाच्या अश्रूंकडेच लागते. पुढे पत्नीही गेली. शिरवान सोडून तो तब्रीझ शहरी राहिला व शतकाच्या अखेरीस तेथेच निवर्तला. सुरखाब भागातील कवींच्या दफनभूमीत त्यास पुरले. भूकंपांनी तेथील जुन्या कबरी नाहीशा केल्या. विसाव्या शतकात त्या जागी सर्व कवींचे मिळून एक स्मारक उभारण्यात आले.